रावसाहेबांचा अन्नपालट

मांजर आणि दूध यांचा संबंध आपल्या भाषेनें इतका पक्का जुळवून ठेविला आहे कीं, तो तोडूं पाहणारास लोकांनीं वेड्यांत काढावें. डोळे मिटून दूध पिणारें मांजर आपल्या म्हणींत आहे; शिंक्यावरचें दहींदूध राखावयाचें तें मांजरापासून; आणि घरीं नवें पिल्लू आलें कीं त्याच्यापुढें प्रथम सरकवावयाची ती दुधाची बशी. दूधभात, दहींभात, सणावारीं तुपाचें बोट, आणि उरलेल्या भुकेसाठीं माळ्यावरचे उंदीर, अशी पांढरपेशा घरांतील मार्जारान्नाची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तींत उंदरांचा वांटा किती मोठा होता याचा हिशेब मात्र कोणीं ठेविला नाहीं, कारण तो भाग अंधारांत व आपल्या पाठीमागें उरकला जाई. ओसरीवर मांजर शाकाहारी असे. माळ्यावर गेलें कीं तें आपल्या जातीवर जाई, आणि ओसरी व माळा यांची कधीं भेट होत नसे. पुढें वाडे पडले, त्यांच्या जागीं सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, माळे व बळदें गेलीं, त्यांबरोबर उंदीरही मांजरांच्या वाट्यास येईनासे झाले. आणि दूधभात तेवढा शिल्लक राहिला.

वास्तविक मोठ्या मांजरास दूध हें अन्न म्हणून फारसें मानवत नाहीं. पिल्लूपण सरलें कीं बहुतेक मांजरांच्या आंतड्यांतील, दुधामधली शर्करा पचविणारा रस कमी होत जातो, व मग वाटीभर दुधाचा परिणाम दुसऱ्या दिवशीं घर पुसणाऱ्यास कळतो. बासुंदीचें भांडें चाटणाऱ्या मांजरास तिची गोडी कळत असेल अशी जर आपली समजूत असेल, तर तीही सोडून द्यावी. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें मॉनेल या नांवाची रुची व गंध यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिच्या संशोधकांनीं २००५ सालीं असें दाखवून दिलें कीं, गोड चव ओळखण्यास लागणाऱ्या दोन घटकांपैकीं एक मांजरकुळांत निकामी झालेला आहे. घरचें मांजर, वाघ आणि चित्ता या तिघांचीही तीच गत. तेव्हां मांजर बासुंदी चाटतें तें तिच्यांतील स्निग्धांशासाठीं चाटत असावें. साखर आणि वेलदोडा त्याच्या लेखीं फुकट गेले.

एवढी प्रस्तावना करण्याचें कारण आमचे रावसाहेब. हें नांव आमच्या कैलासवासी वडिलांनीं ठेविलें. एका पावसाळ्यांत जिन्याखालीं सांपडलेलें पिवळ्या पट्ट्यांचें एक पिल्लू दुसऱ्याच दिवशीं वडिलांच्या आरामखुर्चीवर अशा कांहीं ऐटीनें जाऊन बसलें कीं, ते म्हणाले, "बसूं द्या. रावसाहेब दिसतात." तेव्हांपासून आमच्या घरचीं लहानथोर अकराही माणसें त्यांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनानें करितात, आणि या लेखांतही तोच प्रघात चालूं ठेवण्याची आम्हीं वाचकांकडे परवानगी मागतों. वडील गेल्यावर ती खुर्ची घरांतील कोणीं वापरली नाहीं. रावसाहेब मात्र तीवर बसतात, व त्यांस तेथून कोणीं उठवूं नये असा तीर्थरूप आईचा अलिखित हुकूम आहे.

रावसाहेबांचें पोषण दोन वर्षांपूर्वींपर्यंत बाजारांत पिशव्यांतून मिळणाऱ्या कोरड्या दाण्यांवर होत असे. आमच्यासारख्या घरांस हे दाणे फार सोयीचे वाटतात. ते दिसतात शंकरपाळ्यांच्या चुऱ्यासारखे, हातास लागत नाहींत, ओघळत नाहींत, आणि वास आला तरी तो दूरून येतो. त्यांत कोंबडीचें व माशांचें पीठ आहे हें पिशवीवर छापलेलें असतें. पण बारीक अक्षरांत छापलेलें न वाचण्याची कला सुशिक्षित माणसांस चांगली साधलेली असते. ढोंगी तपस्व्यास 'बैडालव्रतिक' म्हणण्याचा प्रघात मनुस्मृतीइतका जुना आहे. पंचतंत्रांतील ससा व कपिंजल यांचा न्याय करावयास बसलेला बोका सर्वांस ठाऊक आहे. आणि महाबलिपुरम्‌च्या प्रचंड शिळेवर मागच्या पायांवर उभें राहून तप करणारें मांजर व त्याच्या पायांशीं जमलेले उंदीर ज्यांनीं पाहिले असतील त्यांस तेराचौदाशें वर्षांपूर्वींच्या त्या शिल्पकाराचें कौतुक वाटल्यावांचून राहिलें नसेल. परंतु अन्नाच्या बाबतींत हें व्रत मांजराकडे नसून मांजर पाळणारांकडे असावें, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

दाण्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. चांगल्या दाण्यांत मांजरास लागणारें सर्व कांहीं मोजून घातलेलें असतें, आणि त्यांवर पंधरा-सोळा वर्षें सुखानें काढणारीं मांजरें पुष्कळ आहेत. त्यांत नसतें तें एकच, तें म्हणजे पाणी.

दोन वर्षांपूर्वीं, ऐन मार्गशीर्षांत, रावसाहेब वाळूच्या घमेल्यांत वरचेवर जाऊन बसूं लागले. बसत, कण्हत, उठत, आणि पुन्हां पांच मिनिटांनीं जात. बद्धकोष्ठ असेल म्हणून वहिनींनीं एरंडेलाची बाटली काढिली. तेवढ्यांत महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या पुतण्यानें घमेल्यांतील वाळू चाचपून पाहिली आणि ती सकाळपासून कोरडी असल्याचें सांगितलें. या एका निरीक्षणानें बोका वांचला. नर मांजराचा मूत्रमार्ग टोंकाशीं अतिशय चिंचोळा असतो. क्षारांचे बारीक स्फटिक व चिकट श्लेष्मा यांचा तेथें बूच बसला कीं मूत्र तुंबतें, रक्तांतील पोटॅशियम वाढूं लागतें, आणि एकदोन दिवसांत हृदय बंद पडून प्राणी मरतो. ज्यांच्या घरीं बोका असेल त्यांनीं या लेखांतील बाकी सर्व विसरावें, पण एवढें ध्यानांत ठेवावें: बोका वारंवार बसतो आहे आणि वाळू भिजत नाहीं, तर उजाडण्याची वाट न पाहतां पशुवैद्याचें दार ठोठवावें.

आम्ही रात्रीं साडेदहा वाजतां दवाखान्यांत पोंचलों. नळी घालून मार्ग मोकळा केला, तीन दिवस शिरेंतून क्षारजल दिलें, आणि चवथ्या दिवशीं रावसाहेब गळ्याभोंवतीं प्लॅस्टिकचा कर्णा घालून, अत्यंत अपमानित मुद्रेनें, घरीं परत आले. निरोप देतांना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हां तुंबूं नये असें वाटत असेल तर याच्या पोटांत पाणी जायला हवें. वाटी भरून ठेवून उपयोग नाहीं. तो पिणार नाहीं. पाणी अन्नांतून द्या. डब्यांतलें ओलें अन्न सुरू करा."

मांजर पाणी कां पीत नाहीं याचें उत्तर त्याच्या कुळांत आहे. जगांतील यच्चयावत् घरगुती मांजरें आफ्रिका व पश्चिम आशिया येथील एका रानमांजरापासून आलीं, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानें पक्कें झालें. रुक्ष मुलखांतील तें जनावर. पाणवठ्याच्या आधारानें राहण्याची त्यास संवय नाहीं. शिकारीच्या शरीरांतील पाण्यावर त्याचें भागतें. उंदराच्या वजनापैकीं सुमारें दोन-तृतीयांश भाग पाणीच असतें, आणि उरलेली काटकसर मांजराचीं मूत्रपिंडें मूत्र अतिशय घट्ट करून साधतात. उंदीर खाणारास ही योजना उत्तम. परंतु शेंकडा दहा भाग पाणी असलेले दाणे खाणारास तीच घातक होऊं शकते, कारण तहान वाढवून ती तूट भरून काढण्याचें ज्ञान निसर्गानें त्यास पुरतें दिलेलें नाहीं. पुतण्यानें हिशेब मांडून दाखविला. साडेचार किलो वजनाच्या रावसाहेबांस दिवसास साधारण सव्वादोनशें कॅलरी लागतात. त्या साठ ग्रॅम दाण्यांतून मिळतात, व त्यांबरोबर पोटांत जातें सहा ग्रॅम पाणी. त्याच कॅलरी डब्यांतील अन्नांतून मिळविण्यास अडीचशें ग्रॅम अन्न लागतें, आणि त्यांत पाणी असतें दोनशें ग्रॅमच्या आसपास. एवढ्या आंकड्यानंतर शास्त्रीय वाद उरला नाहीं. वाद उरला तो घरचा.

आमच्या घरांत अंडें आलेलें नाहीं. चातुर्मासांत कांदालसूण बंद असतो. मुलें बाहेर काय खातात याची चौकशी न करण्याचा समंजसपणा वडील माणसांनीं दाखविला आहे, परंतु उंबऱ्याच्या आंतील व्यवस्था अजून आईच्या हातीं आहे, आणि ती सर्वांस मान्य आहे. अशा घरांत माशांचे डबे आणावयाचे! रात्रीं जेवणें झाल्यावर बैठक बसली. थोरले बंधु म्हणाले, "दाणे होते तोंवर ठीक होतें. उद्यां फ्रीजमध्यें साईच्या पातेल्याशेजारीं मासळीचा डबा दिसायचा. शिवाय एका बोक्यासाठीं रोज कोणता तरी जीव मारायचा, याचा विचार कोणी केला आहे काय?" धाकट्या सुनेनें पनीर व सोयाबीन सुचविलें. त्यांत पाणी घालून कालवावें, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतील.

पनीराचा हा मार्ग दिसतो तितका निर्धोक नाहीं, व त्याची माहिती येथें दिली तर अनेक घरांच्या उपयोगीं पडेल. कुतरें वेळप्रसंगीं भाजीभाकरीवर निभावून नेतें; मांजर नेऊं शकत नाहीं. गाजरांतील पिवळ्या रंगद्रव्यापासून आपलें शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवितें, मांजराचें बनवीत नाहीं. त्यास तें प्राण्यांच्या शरीरांतून तयारच मिळावें लागतें. आर्जिनिन नांवाचें अमिनो आम्ल एका जेवणांत अजिबात नसलें तरी मांजराच्या रक्तांत अमोनिया सांचून तें कांहीं तासांत गंभीर आजारी पडतें, असें १९७८ सालीं प्रयोगान्तीं आढळलें. पण सर्वांत मोठी कथा टॉरिनची. टॉरिन हें द्रव्य १८२७ सालीं टीडमान व ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनीं बैलाच्या पित्तांतून वेगळें काढिलें, म्हणून त्यास बैलाचें लॅटिन नांव मिळालें. वनस्पतींत तें जवळजवळ नसतेंच, आणि मांजरास तें स्वतः पुरेसें बनवितां येत नाहीं. टॉरिन न मिळालेल्या मांजरांचे डोळे आंतून झिजतात हें १९७५ मध्यें कळलें. पुढें १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, हृदय फुगून व दुबळें होऊन मरणाऱ्या पुष्कळ मांजरांस दुसरा कोणताही रोग नसून टॉरिनचीच उणीव आहे. आश्चर्य हें कीं, यांतील बरींच मांजरें चांगल्या समजल्या जाणाऱ्या तयार अन्नावर वाढलेलीं होतीं. टॉरिनचें प्रमाण वाढवितांच त्यांपैकीं कित्येकांचीं हृदयें सुधारलीं. कारखानदारांनीं आपल्या कृती बदलल्या, आणि तो रोग आतां पूर्वींच्या मानानें क्वचित् दिसतो. डब्यांत टॉरिन दाण्यांपेक्षां जास्त घालावें लागतें, दुप्पट, असा अमेरिकेंतील नियमकारांचा दंडक आहे. डबा बंद करून उकळतांना अन्नांत जो पालट होतो त्यामुळें आंतड्यांतील जंतु टॉरिनचा अधिक नाश करितात, असें त्याचें कारण देतात.

टॉरिन हल्लीं रसायनशाळेंतही बनतें, व तें घालून केलेलें निव्वळ वनस्पतिजन्य मार्जारान्न परदेशांत विकत मिळतें, ही गोष्ट पुतण्यानें प्रामाणिकपणें सांगितली. आम्हीं ती डॉक्टरीणबाईंस विचारली. त्यांचें उत्तर असें कीं, इतर मांजरांचें तूर्त राहूं द्या, या बोक्यास तें नको. वनस्पतिजन्य आहारानें मूत्र अल्कधर्मी होण्याकडे कल असतो, आणि याच्या मूत्रांत सांपडलेले मॅग्नेशियम व फॉस्फेट यांचे स्फटिक तशाच मूत्रांत वाढतात.

थोरल्या बंधूंच्या दुसऱ्या प्रश्नास, म्हणजे रोज मरणाऱ्या जीवाच्या प्रश्नास, बैठकींत कोणींच उत्तर दिलें नाहीं, आणि तें आमच्यापाशीं आजही नाहीं. हा प्रश्न दाण्यांच्या काळींही तितकाच खरा होता. दाण्यांनीं तो मोठ्यानें विचारला नव्हता इतकेंच.

आई इतका वेळ वाती वळीत होती. तिनें एकच विचारलें, "डबा दिला नाहीं तर काय होईल?" आम्हीं सांगितलें कीं, पुन्हां तुंबेल असें खात्रीनें नाहीं म्हणतां येत, पण संभव बराच आहे. तिनें वातींची डबी बंद केली, आणि मग आरामखुर्चीकडे पाहून ती म्हणाली, "ह्यांच्या खुर्चीवर बसतो तो. त्याच्या पोटाला काय लागतें तें त्याला घडवणाऱ्यानें ठरवलेलं आहे. त्याला आपलं सोवळं लावणारे आपण कोण? आणा डबे. पण माझ्या फ्रीजमध्यें ठेवायचे नाहींत, आणि तो चमचा माझ्या भांड्यांत मिसळायचा नाहीं." थोरले बंधु उठून आपल्या खोलींत गेले. बैठक संपली.

डबे आणणें सोपें, निवडणें कठीण. मांजराच्या अन्नाचा डबा ही वस्तु फारशी जुनी नव्हे. डबाबंदीची युक्ति फ्रान्समध्यें निकोला आपेर यानें १८१० सालीं प्रसिद्ध केली, व त्याच सालीं इंग्लंडांत कथलाच्या मुलाम्याच्या डब्याचें पेटंट निघालें. पण जनावरांसाठीं डबा भरण्याचें कोणास सुचावयास आणखी शंभर वर्षें लोटावीं लागलीं. अमेरिकेंत १९२२ च्या सुमारास घोड्याचें मांस भरलेले कुत्र्यांचे डबे विकूं लागले, आणि मांजरांचे डबे त्यांच्या मागोमाग आले. दुसऱ्या महायुद्धांत कथील लष्करास हवें झालें, डबे बंद पडले, आणि कोरड्या अन्नास भाव आला. म्हणजे आमच्या घरच्या दाण्यांचा भाग्योदयही एका युद्धानें झाला म्हणावयाचा.

आपल्याकडे दुकानांत दिसणाऱ्या मांजराच्या डब्यांपैकीं बरेचसे थायलंडमध्यें भरलेले असतात, कारण ट्यूना मासळीचा मोठा व्यापार तेथें आहे. आम्हीं प्रथम आणलेला डबा असाच होता: पारदर्शक रसांत मासळीचे सुबक पांढरे तुकडे, चित्र मोहक, वर सोनेरी अक्षरें. रावसाहेबांनीं तो असा कांहीं फस्त केला कीं जणूं जन्मभर ते याचीच वाट पाहत होते. परंतु मागील बाजूस, जेथें वाचावयास भिंग लागतें, तेथें एक शब्द छापलेला होता: 'पूरक'. हा शब्द महत्त्वाचा. 'संपूर्ण' असें लिहिलेलें अन्न एकट्यानें मांजराचें पोषण करूं शकतें. 'पूरक' असें लिहिलेलें अन्न हा खाऊ आहे. पेढे म्हणून ठीक, पोळीभाजी म्हणून नव्हे. निव्वळ ट्यूनावर ठेविलेल्या मांजरास 'ई' जीवनसत्त्व कमी पडलें तर अंगांतील चरबी पिवळी व दुखरी होते, असा स्वतंत्र रोगच पशुवैद्यकांत नमूद आहे. सोनेरी अक्षरें आकारानें मोठीं कां असतात याचा उलगडा येथें होतो.

दुसरी गोष्ट डब्याच्या नांवाची. अमेरिकेंत १९०९ पासून पशुखाद्याच्या अधिकाऱ्यांचा एक संघ आहे. त्याच्या नियमाप्रमाणें नुसतें 'मांजरासाठीं ट्यूना' म्हणावयाचें तर पाणी वगळून डब्यांत शेंकडा ९५ भाग ट्यूना हवा. 'ट्यूना भोजन' अशा थाटाचें नांव असेल तर २५ पुरे. 'ट्यूनासह' असें असल्यास ३ भाग चालतात. आणि 'ट्यूनाच्या स्वादाचें' असेल तर स्वाद लागला म्हणजे झालें. 'सह' या दोन अक्षरांनीं ९५ चे ३ होतात, हें व्याकरण पाणिनीसही सुचलें नसतें. तिसरी गोष्ट आंकड्यांची. दाण्यांच्या पिशवीवर प्रथिनें शेंकडा ३२ आणि डब्यावर शेंकडा १० पाहून वहिनी चकित झाल्या. इतके पैसे देऊन एवढींच प्रथिनें! परंतु डब्यांतील शंभर भागांपैकीं ८० पाणी आहे. उरलेल्या २० मध्यें १० प्रथिनें, म्हणजे कोरड्या हिशेबानें निम्मीं. दाण्यांत पाणी १० वजा जातां ९० मध्यें ३२, म्हणजे जेमतेम ३६. हा त्रैराशिकाचा हिशेब एकदां कळला कीं वहिनींनीं दुकानदारास तोंडीं उत्तरें देण्यास आरंभ केला. 'राख शेंकडा २' हें वाचून आई मात्र संतापली. अन्न जाळल्यावर मागें उरणाऱ्या खनिजांस ती संज्ञा आहे, डब्यांत कोणी चुलींतील राख घालीत नाहीं, हें तिला पटविण्यास दोन दिवस लागले.

अखेरीस 'संपूर्ण' असें स्पष्ट लिहिलेला, कोंबडीचा, गुळगुळीत वाटलेल्या पिठल्यासारखा एक डबा डॉक्टरीणबाईंच्या संमतीनें ठरला. रावसाहेबांनीं त्याचा वास घेतला, आमच्याकडे पाहिलें, आणि पुढच्या पंजानें बशीभोंवतालची फरशी खरडून तीवर माती लोटल्याचा अभिनय केला. मांजर हा विधि कोठें करितें तें वाचकांस ठाऊक आहे.

येथें आपल्या संस्कारांस विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजारी माणसानें किंवा हट्टी मुलानें एकदोन वेळां जेवलें नाहीं तर आपण चिंता करीत नाहीं. लंघनासारखें औषध नाहीं असें म्हणतों. मांजरास, आणि त्यांतही लठ्ठ मांजरास, हें औषध विषासमान आहे. दोनतीन दिवस अन्न सुटलें तर अंगांतील चरबी यकृतांत येऊन सांचते व यकृत निकामी होऊं लागतें. तेव्हां 'भूक लागली कीं खाईल' हें धोरण येथें चालत नाहीं. अन्नपालट हळूहळूच करावा लागतो. सात-दहा दिवस हें पुस्तकी माप, आमच्याकडे पुरते चोवीस दिवस लागले.

प्रथम दिवसभर दाणे भरलेली वाटी उचलली, आणि सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळां ठरविल्या. घड्याळाप्रमाणें जेवणारास भूक लागते, हें मांजराबद्दलही खरें ठरलें. मग नेहमींच्या दाण्यांत चमचाभर डब्यांतील अन्न. तेवढें वगळून प्रत्येक दाणा वेगळा काढण्यांत रावसाहेबांनीं जें कसब दाखविलें तें तांदूळ निवडणाऱ्या बायकांसही लाजविणारें होतें. वहिनींनीं डाव उलटविला. दाणे खलबत्त्यांत कुटून त्यांची पूड डब्यांतील अन्नावर पेरली, आणि बशी गरम पाण्याच्या ताटलींत ठेवून अन्न कोमट केलें. नुकत्याच मारलेल्या शिकारीचें रक्त कोमट असतें. थंड अन्न मांजरास शिळें वाटतें. पूड चाटतां चाटतां जीभ खालच्या थरास लागली. आठव्या दिवशीं निम्मी बशी गेली. दहाव्या दिवशीं त्यांनीं पुन्हां संप केला, तेव्हां आम्हीं दोन पावलें मागें येऊन दाणे वाढविले व पुन्हां आरंभ केला. किराणा तोलण्याच्या कांट्यावर टोपलीसह त्यांचें वजन रोज होई, आणि पुतणा तें भिंतीवरील पंचांगांत तिथीच्या शेजारीं लिही. ज्यांस ग्रेव्ही आवडते म्हणून घरच्या आमटीचा रस्सा घालावासा वाटेल त्यांनीं तें करूं नये. कांदा व लसूण यांनीं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. या एका बाबतींत आमच्या घरच्या चातुर्मासाशीं पशुवैद्यक पूर्णपणें सहमत आहे.

डबा उघडल्यावर उरलेलें अन्न शीतकपाटांत झांकून ठेवावें लागतें, व आईची अट तर ती. म्हणून आम्हीं मोठे डबे सोडून एका वेळेस संपणारे सत्तर-ऐंशीं ग्रॅमांचे लहान डबे घेऊं लागलों. खर्च दाण्यांच्या चौपट झाला. मागील गॅलरींत एक लांकडी खोकें, त्यांत बशी, आणि दांड्यास लाल दोरा बांधलेला एक चमचा, एवढा रावसाहेबांचा संसार वेगळा काढिला आहे. त्या चमच्यास घरांतील कोणी चुकूनही हात लावीत नाहीं. पाहुणे विचारतात, आणि उत्तर ऐकून चहाचा पेला जरा निरखून पाहतात.

थोरल्या बंधूंनीं पहिले सहा महिने गॅलरीकडे पाऊल टाकिलें नाहीं. पुढें सर्व मंडळी लग्नास गेलीं असतां दोन दिवस ते एकटेच घरीं होते. परत आल्यावर आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. खोक्यांतील सहा डबे कमी झालेले होते, बशी धुवून पालथी घातलेली होती, आणि पंचांगांत दोन्ही दिवसांचें वजन त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलें होतें.

रावसाहेबांची मूत्रपरीक्षा दर चार महिन्यांनीं होते. दोन वर्षांत पुन्हां तुंबलें नाहीं. एकदां थोडे स्फटिक दिसले, तेव्हां अन्नांत आणखी दोन चमचे कोमट पाणी घालावयास सांगितलें, तें आम्ही अजून घालतों. घमेल्यांतील ओल्या गोळ्यांची रोज मोजणी होते. तीन असले कीं घर निश्चिंत असतें. रात्रीं निजावयाच्या वेळीं त्यांस दहाबारा दाणे मिळतात, तेवढी जुनी संवय राहूं दिली आहे. आई डब्यास स्पर्श करीत नाहीं. परंतु सायंकाळीं देवापुढें निरांजन लावून झालें कीं ती तेथूनच हांक मारते, "साडेसहा झाले, त्याचं कोमट करायला ठेवलंत का?" परवां दिवाळीच्या आधीं यादी होत होती, तेव्हां रवा, मैदा, डालडा नको, तूपच, असें सांगतां सांगतां तिनें मधेंच विचारलें कीं, पाडव्यास दुकान बंद असतें, डबे किती उरले आहेत.